दादाचं नाव देऊ नकोस

रत्नागिरी,
१२ ऑगस्ट २००२

यज्ञेश,

‘चिरंजीव’ लिहून खोडलं आहे, तो शाईचा डाग समजू नकोस. तुमच्या पंथात सगळेच चिरंजीव असतात असं तूच मागे लिहिलं होतंस. मग आत्याने वेगळा आशीर्वाद देऊन शाई कशाला घालवावी?

तुझं पुस्तक पोचलं. पोस्टमन म्हणाला, ‘बाई, अमेरिकेचं दिसतंय, जड आहे.’ तुझे बाबा पडवीत सुपारी कातरत बसले होते. (तुझे बाबा म्हणजे माझा दादा. पुढे दादाच लिहीन, नाहीतर मला लिहिताना अवघडल्यासारखं होतं.) त्याने पाकिटावरचं अक्षर बघितलं, अडकित्ता खाली ठेवला आणि मागीलदारी निघून गेला. दोन वर्षं तुझ्या अक्षराला तो हेच उत्तर देतो आहे.

‘धर्म म्हणून नको, आत्या, साहित्य म्हणून वाच,’ असं तू लिहितोस. ते मला सांगायला नको. सूक्तंसुद्धा मी साहित्य म्हणूनच वाचली आणि त्याबद्दल तुझ्या आजोबांनी मला दोन दिवस वेगळं जेवायला बसवलं होतं. तुमच्या त्या अमेरिकन ख्रिस्ती मॉर्मन पंथाच्या पोथीला मी जास्त सवलत देईन असं समजू नकोस. अट एकच. मी हसले तर हसू द्यायचं.

साठेक पानं झाली. बाप स्वप्न बघतो आणि भरलं घर सोडून बायकोमुलांसकट वाळवंटात निघतो. थोरले मुलगे कुरकुरतात, धाकटा शहाण्यासारखा वागतो. आणि हे सगळं सांगणारा कोण? तोच धाकटा. मी स्वतः धाकटी असल्यामुळे या प्रकारच्या इतिहासलेखनाशी माझा चांगला परिचय आहे. तुमची पोथी जमिनीत पुरलेली सापडली म्हणतात, तशी थोरल्यांनी लिहिलेली प्रत कुठे सापडली तर कळव. दर दोन ओळींनी वाक्याची सुरुवात तीच, ‘आणि असं झालं की’. आमच्याकडे संस्कृतात ‘ह’, ‘वै’, ‘किल’ अशी चिमुकली अव्ययं श्लोकाचा पाय भरायला ठेवलेली असतात. तुमच्या ऋषींनी त्या कामाला अख्खं वाक्य नेमलंय.

एक जागा मात्र आवडली. मुलगे परतायला उशीर होतो तेव्हा आई नवऱ्याला बोलते, तुझ्या स्वप्नांपायी माझी मुलं गेली म्हणून. साठ पानांत पहिल्यांदा कुणीतरी आपल्या घरच्यासारखं बोललं.

दादा बरा आहे.

तुझी,
सुनेत्राआत्या

ता. क. तुमच्या पंथात चालत नाही म्हणून तू चहा सोडलास हे मी दादाला सांगितलं नव्हतं. परवा तुझ्या चुलतभावाने, अपूर्वने सांगितलं. दादा म्हणाला, ‘चहासुद्धा?’ धर्म बदललास तेव्हा त्याचा चेहरा इतका पडला नव्हता.

*

रत्नागिरी,
८ ऑक्टोबर २००२

यज्ञेश,

पोथीत सध्या लढाया चालू आहेत. संपत नाहीत. शाळेत मुलांना सनावळ्या पाठ करायला लावणाऱ्या एखाद्या गुरुजींनी हा भाग लिहिला असावा. त्याबद्दल आज एवढंच, कारण आज दुसरं सांगायचंय.

परवा सर्वपित्री झाली. ते सांगायच्या आधी, दोन वर्षांपूर्वी तू दादाला पाठवलेलं पत्र तुला आठवतं का? मला पाठ आहे. दादाने ते मला मोठ्याने वाचायला लावलं होतं, दोनदा. ‘बाबा, आईचं काम पूर्ण झालं. इथल्या देवळात माझ्या ओळखीची एक बहीण आईच्या नावाने पाण्यात उतरली. आता आई आपल्याला पुन्हा भेटेल.’ दादाने विचारलं, ‘त्याला बहीण कुठून आली?’ मग मला समजावून सांगावं लागलं, की तुमच्याकडे मेलेल्या माणसाच्या वतीने जिवंत माणूस पाण्यात बुडी मारून दीक्षा घेतो. बाईसाठी बाई, पुरुषासाठी पुरुष. माणूस जाऊन वर्ष झालं की हे करता येतं. दादाने पत्राची घडी केली. मग म्हणाला, ‘ती जन्मभर समुद्राजवळ राहिली आणि पाण्यात कधी पाय घातला नाही. घाबरायची. आता कोणा परक्या बाईला तिच्या नावाने बुडवली?’

तू वाईट हेतूने केलं नाहीस हे मला कळतं. वहिनी गेली तेव्हा तुला विमान मिळालं नाही, तू तिकडे एकटा बर्फात खोलीत बसून होतास. त्या पंथाची पांढऱ्या शर्टातली दोन प्रचारक पोरं दार वाजवून आत आली आणि म्हणाली, तुझी आई तुला पुन्हा भेटेल. इथे आम्ही तुला काय म्हणालो होतो? तेराव्याचं सामान आणलं, काळजी करू नकोस. मीसुद्धा त्या पोरांनाच आत घेतलं असतं.

तर सर्वपित्री. रावजी भटजी आले होते. दादाने बापाचं, आजोबांचं, पणजोबांचं नाव घेऊन पाणी सोडलं, मग वहिनीचं. मग म्हणाला, ‘पुत्र यज्ञेश.’

रावजी थांबले. ‘गोपाळकाका, चुकून बोललात.’

‘चुकून नाही.’

‘अहो, जिवंत माणसाला पाणी सोडीत नाहीत. काहीतरीच काय?’

‘तिकडे तो विचारून सोडतो काय? चला पुढे.’

रावजींनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. ‘ताई, तुम्ही तरी सांगा हो.’

मी खीर ढवळत होत्ये. सांगितलं नाही. सांगून त्याने ऐकलं असतं असा पुरावा आमच्या घरात पन्नास वर्षांत नाही.

तेव्हा आता हिशेब बरोबर झाला म्हण. तू गेलेल्या आईला जिवंत असल्यासारखं वागवतोस आणि तो जिवंत मुलाला गेल्यासारखं. दोघांनीही ज्याचं त्याला विचारलं नाही. तुला हे कळवू नये असं अपूर्वचं मत होतं. अपूर्व भला मुलगा आहे. सावर्ड्याच्या बँकेत बसून त्याला सगळे हिशेब शेवटी जुळतात असं वाटायला लागलंय.

तुझी,
आत्या

*

रत्नागिरी,
१५ डिसेंबर २००२

यज्ञेश,

पहिल्या पत्रात ‘दादा बरा आहे’ असं लिहिलं होतं, मागच्या पत्रात त्याविषयी काहीच लिहिलं नाही. बरा नाही. गणपतीपासून पाय सुजतात, दोन उशा घेतल्याशिवाय आडवं होता येत नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय मोठं झालंय. घरात कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं. मीठ बंद. त्यामुळे सध्या तो पाणी सोडून सगळ्या जगावर रागावलेला असतो, आणि पाणीही मोजूनच मिळतं.

दुपारचा चहा झाला की मी त्याला काहीतरी वाचून दाखवत्ये. गेल्या महिन्यात तुझी पोथी घेऊन बसले आणि तिथल्या तिथे मराठी करत गेले. नाव सांगितलं नाही.

‘कसली गोष्ट आहे?’

‘जुनी आहे. भावाभावांची.’

‘म्हणजे भांडणाचीच असणार. वाच.’

पहिले दोन दिवस थोरल्या भावांची बाजू घेऊन ऐकत होता. ‘बरोबर बोलतायत ते. घर होतं, पैसा होता, कशाला निघाला म्हातारा?’ मग ती धनुष्याची जागा आली. तुला ठाऊक असेल. धाकट्याचं धनुष्य मोडतं, शिकार मिळत नाही, सगळे उपाशी. बापसुद्धा देवाला दोष देत बसतो. धाकटा लाकडाचं नवीन धनुष्य करतो आणि बापाकडे जाऊन विचारतो, शिकारीला कुठल्या दिशेला जाऊ?

दादाने मला थांबवलं. ‘बापाला विचारलं?’

‘विचारलं.’

‘बाप चुकलेला असताना?’

‘हो.’

‘पुन्हा वाच.’

पुन्हा वाचलं. मग म्हणाला, ‘बघू पुस्तक.’ मी दिलं. पहिल्या पानावर तुझं अक्षर आहे, ‘आत्यास’. त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

‘हे त्याचं.’

‘हो.’

‘तू मला फसवलंस.’

‘हो.’

पुस्तक त्याने मांडीवर तसंच धरून ठेवलं. मला वाटलं आता अंगणात भिरकावतो. म्हणाला, ‘कुठपर्यंत आलो, खूण घालून ठेव. उद्या शोधत बसशील.’

याचा अर्थ विरघळला असा काढू नकोस. मी तुझ्याइतकी आशावादी नाही आणि माझा पगारही तेवढा नाही. पण साहित्य म्हणून वाच असं तू म्हणाला होतास, ते त्याने केलं. मी अजून अव्ययंच मोजत होत्ये.

तुझी,
आत्या

*

रत्नागिरी,
२७ जानेवारी २००३

यज्ञेश,

पोथी संपली. लढाया मी गाळल्या, दादाच्या लक्षात आलं, ‘मधे काही खाल्लंस’ म्हणाला. शेवटची पन्नास पानं मात्र एक ओळ न गाळता वाचली.

मी हसेन असं सांगितलं होतं. हसत होत्येच. शेवटी सगळी जात एका टेकडीभोवती कापली जाते, बाप मरतो, आणि एकटा मुलगा वर्षानुवर्षं लपतछपत बापाचं राहिलेलं लिहून पुरं करतो. त्याच्याजवळ लिहायला धातूचे पत्रेसुद्धा पुरेसे नाहीत. जे अजून जन्मलेच नाहीत त्यांच्यासाठी तो लिहितोय आणि त्याला भीती एकच आहे, की आपल्या ओबडधोबड लिहिण्याला ते लोक हसतील. तिथे मी पुस्तक खाली ठेवलं. हजारो मैलांवरून, कोण कुठल्या माणसाने मला रत्नागिरीत पडवीत बसलेली पकडलं.

ग्रंथाचं तात्पर्य ठरवायला आमच्या मीमांसकांनी सहा खुणा दिल्या आहेत. आरंभ काय, शेवट काय, पुन्हा पुन्हा काय येतं, नवीन काय सांगितलंय, असं बघत जायचं. तुझ्या पोथीला लावून बघितल्या. आरंभी बाप आणि मुलगा, शेवटी बाप आणि मुलगा, आणि मधे पुन्हा पुन्हा ‘लिहून ठेव’. देव मला त्यात फारसा भेटला नाही, तुला भेटला असेल. मला त्या शेवटच्या मुलाचं घर सापडलं, ज्यात कोणी उरलं नाही. हे खरं आहे की कुणी रचलंय, याच्याशी मला कर्तव्य नाही. करुणरसाला साक्षीपुरावा लागत नाही.

 एरवी दादातला जुना कोर्टातला शिरस्तेदार जागा होतो आणि उलटतपासणी सुरू होते. या वेळी दादा एवढंच म्हणाला, ‘बापाच्या मागे काम केलं पोराने. पण बापाचं तेच ठेवलं. त्याला बदललं नाही.’

मग मला म्हणाला, ‘कागद घे. त्याला लिही.’

तो म्हणाला तसं लिहित्ये, माझा एक शब्द नाही:

‘मी फार दिवस नाही. मी गेल्यावर माझं नाव तिकडे त्या पाण्यासाठी द्यायचं नाही. आईचं केलंस ते केलंस. माझं करायचं नाही. एवढं वचन लिहून दे आणि ये. येऊन अग्नी दे. मी सर्वपित्रीला बोललो ते परत घेतो.’

यज्ञेश, हा माणूस काही परत घेतो हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. आता तुझं एक वाक्य पाहिजे. तू तिकीट काढ. वाक्य फोनवर सांगितलंस तरी चालेल असं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय, पण त्याला लिहिलेलं जास्त आवडेल.

तुझी,
आत्या

*

रत्नागिरी,
२ मार्च २००३

यज्ञेश,

तुझं उत्तर त्याला वाचून दाखवलं. सगळं. गाळायला मला आता बंदी आहे.

खोटं वचन देणार नाहीस, हे तू लिहिलंस. तेवढ्यापुरता तू त्याचाच मुलगा. पुढे म्हणतोस, यात सक्ती नाही, दीक्षा म्हणजे नुसतं उघडलेलं दार, मेलेल्या माणसाला तिथे ‘नाही’ म्हणता येतं. अरे, दादा सगळ्या आयुष्यात एकच शब्द स्वच्छ उच्चारत आला आहे आणि तो ‘नाही’ आहे. तो त्याने इथे, शुद्धीत, स्वतःच्या तोंडाने उच्चारला. मेल्यावर त्याच शब्दासाठी त्याला पुन्हा दारात का उभा करतोस?

आणि साहित्य म्हणून वाच म्हणाला होतास, म्हणून हेही सांगत्ये. मेलेल्यांच्या या दीक्षेचा तुझ्या पोथीत कुठे उल्लेख नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा चाळली. ते नंतरच्या ग्रंथात आलंय म्हणतोस. आमच्या संस्कृतच्या वर्गात त्याला प्रक्षिप्त म्हणतात, मागाहून घुसवलेलं. राग आला असेल तर येऊ दे, पण उलट शेवटाजवळ काय आहे ते बघ. बाप मुलाला पत्र लिहितो. लढाई हरत आलेली, माणसं पडतायत, आणि म्हातारा चिडून लिहितो, की तान्ह्या मुलांना पाण्यात घालू नका, त्यांना त्याची गरज नाही, देवाला तेवढी समज आहे. दादाने ते ऐकलं तेव्हा उठून बसला होता. ‘हा शहाणा. याला आमच्या कोर्टात घेतला असता.’

पण तुझी शेवटची ओळ. ‘बाबांनी दार बंद ठेवलं तर आई तिकडे आणि बाबा दुसरीकडे, आणि हे कायमचं. मी हे माझ्या हाताने कसं होऊ देऊ?’ ती ओळ त्याच्या सांगण्यावरून मी पुन्हा वाचली. 

मग दादाने विचारलं, ‘तिला विचारलंय का त्याने, माझ्याबरोबर पुन्हा राहायचंय का म्हणून?’ आणि हसायला लागला. हसता हसता दम लागला, मला पाठ चोळावी लागली. मग भिंतीकडे तोंड करून निजला. दिवेलागणीला हाक मारून म्हणाला, ‘वचन नाही तर यायचं नाही. कळव.’

कळवलं. आता माझं. ये. वचनाबिचनाचं मी बघून घेत्ये, दारात उभा राहा नुसता. तुला बघून तो काय करील ते मला ठाऊक नाही, पण तुला न बघता काय करील ते डॉक्टरांनी सांगितलंय.

आत्या

*

रत्नागिरी,
२६ मार्च २००३

यज्ञेश,

फोनवर तुला एवढंच सांगितलं की दादा गेला. तू विचारलंस, ‘काही बोलले का?’ आणि मी म्हटलं, लाइन खराब आहे. लाइन बरी होती.

शेवटी त्याने तुझं नाव घेतलं असं लिहिलं तर तुला बरं वाटेल. घेतलं नाही. पाणी मागितलं. मी मोजल्याशिवाय दिलं.

तू आला नाहीस याला मी दोष देत नाही. त्याने येऊ नको म्हटलं आणि तू ऐकलंस. आयुष्यात एकदाच त्याचं ऐकलंस, तेही भलत्या वेळी.

अग्नी अपूर्वने दिला. दहाव्याला मीही भाट्याच्या खाडीवर गेले. बायका जात नाहीत म्हणून अपूर्व कुजबुजला, मी म्हटलं, मग डोळे मिट. पिंड मांडला, सगळे लांब सरकलो. एक कावळा सुरूच्या झाडावर बसला होता. येईना.

पिंडाला कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचं काही मागे राहिलंय, हे तुला लहानपणापासून माहित्ये. मग जमलेले एकेक जण मोठ्याने कबूल करायला लागतात. अपूर्व म्हणाला, ‘काका, मालगुंडची कलमं विकणार नाही.’ कावळा ढिम्म. ‘काका, सुनेत्राआत्याला अंतर देणार नाही.’ मी म्हटलं, ‘मला कशाला मधे घेतोस? मी त्याच्या मनात कधी राहिले नव्हते, आता कशाला राहीन?’ ऊन चढलं. भरती लागली. अपूर्वला एकाएकी आठवलं की दादाची छत्री त्याच्याकडे राहिलीय, तीही त्याने परत देऊन टाकली. कोणी हसलं नाही.

शेवटी रावजींनी माझ्याकडे बघितलं. ‘ताई, काय राहिलंय ते तुम्हाला ठाऊक आहे.’

मला ठाऊक होतं. तिथे उभ्या सगळ्यांना ठाऊक होतं. मी पुढे झाले आणि म्हटलं, ‘दादा, यज्ञेश तुझं नाव देणार नाही. त्याच्या वतीने मी सांगत्ये.’

कावळ्याने मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं. मग उठला आणि खाडीपलीकडे निघून गेला.

रावजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. शास्त्रात सोय असते. आम्ही आंघोळी करून घरी आलो.

कावळ्यावर माझा विश्वास नाही. शाळेत मी मुलींना सांगत असे, की खाडीवर त्या दिवसांत मासळी सुकत असते, कावळ्याचं पोट भरलेलं असतं. पण मी त्या दिवशी काय केलं ते तुला कळलं पाहिजे. मी तुला न विचारता तुझ्या जागी उभी राहिले आणि तुझ्या तोंडून तू नाकारलेलं वचन वदवलं. आपल्या दोघांत आता फरक एवढाच, की तू प्रेमाने केलंस आणि मी ऊन लागतंय म्हणून केलं. तुमच्या नियमाप्रमाणे पुरुषासाठी पुरुषच लागतो, तेव्हा ते तसंही बाद. दादानेही बाद ठरवलं असं दिसतंय.

तुला ते नाकारता येतं. तुमच्या मेलेल्यांना येतं तसंच. मी वाट बघत बसणार नाही. वर्ष व्हायला वेळ आहे.

आत्या

*

रत्नागिरी,
९ एप्रिल २००४

यज्ञेश,

वर्षभर तुझं पत्र नव्हतं. मी समजून चालले होत्ये की तू देवळात गेलास, पाण्यात उतरलास, आणि मला सांगायची लाज वाटत्ये. वर्षश्राद्धाच्या दिवशी पानावर बसलेल्या अपूर्वला मी तसं बोललेही. काल तुझं पत्र आलं.

चार वेळा वाचलं. ‘आत्या, बाबांना वर्ष झालं आणि सोळा मार्चला मी देवळापर्यंत गेलो. बाबांच्या जागी मीच उतरणार होतो, पांढरे कपडे घेतले होते. गाडी लावली आणि गाडीतच बसून राहिलो. संध्याकाळी परत आलो. नाव दिलं नाही. आता कधीच देणार नाही. तू माझ्या वतीने जे बोललीस ते मी घेतलंय. पण मग आई तिथे एकटीच आहे. आणि हे मी केलंय.’

दादा जिंकला. त्याला सवय होती. मला वाटलं होतं, तू नमलास तर मला हायसं वाटेल. सकाळपासून पडवी झाडत्ये आणि तेच तेच ठिकाण झाडत्ये.

तुला शाबास म्हणू? ज्या जगावर तुझा विश्वास आहे, त्यात तू आपल्या हाताने आईबापांची ताटातूट केलीस, कायमची, आणि ती का केलीस? एका हट्टी म्हाताऱ्याला दिलेल्या, तू स्वतः न दिलेल्या वचनाखातर. माझा त्या जगावर विश्वास नाही. पण तू दिवसभर त्या गाडीत बसलास ते मला इथून दिसतं. समजावण्यासारखं मला काही येत नाही. ‘ते सगळं खोटं आहे, तेव्हा रडू नकोस’ असं म्हणणारी आत्या तुला नको आहे, आणि ‘ते खरं आहे’ असं मला म्हणता येत नाही.

म्हणून जे करता येतं ते सांगत्ये.

वहिनी एकटी आहे म्हणतोस. ठीक आहे. मी गेले की माझं नाव दे.

हसू नकोस, मी थट्टा करत नाही. वहिनीचं आणि माझं पटत नव्हतं हे तू बघितलंयस. मी पुस्तकात डोकं घालून भात करपवत्ये असं ती शेजारीपाजारी सांगायची. करपत असे. पण सव्वीस वर्षं एका चुलीपुढे काढली आम्ही. दादा रागावला की ती माझ्या खोलीत येऊन नुसती वाती वळत बसायची, बोलायची नाही. तिकडे कोणी परकी माणसं तिच्याभोवती असतील, आणि ती सगळी इंग्रजीत बोलत असतील. तिला इंग्रजी येत नाही. मी जाऊन बसेन. तुमचा धर्म पत्करीन की नाही ते तिथे गेल्यावर बघू, पण दार उघडलंस तर दारातून आत वहिनीशी बोलता येईलच ना? तेवढं मला पुरे.

वर्ष थांबायचा तुमचा नियम आहे तो पाळ. माझ्या जागी जी कोणी बाई उतरेल तिला आधी माझ्याबद्दल दोन शब्द सांग. मी कोण, काय शिकवत होत्ये, असं. नुसतं नाव घेऊन बुडवू नका. आणि त्या दिवशी तू तिथे असलं पाहिजेस.

अपूर्वला हे आजच सांगितलं. त्याने हातातला चहा खाली ठेवला. मग म्हणाला, ‘आत्या, आणि दहाव्याला कावळा नाही आला तर?’ म्हटलं, बाबा, तू दर्भाचा करून ठेव.

दादाला हे आवडलं नसतं. त्याच्या नावाला आपण हात लावला नाही. माझं नाव माझं आहे.

हे मी जिवंतपणी, शुद्धीत, कोणी न मागता लिहून देत्ये. म्हणून खाली ‘आत्या’ लिहीत नाही, पुरी सही करत्ये.

सुनेत्रा विष्णू मुळ्ये